थेट दुसरे वर्ष, एम-थ्री आणि मॅडमची सही

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात ‘डीएसई’ म्हणतात. मी त्यांपैकीच एक. धुळे जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी नाशिक जिल्ह्यातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले. आमच्यासारख्यांसाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षी ज्या रिकाम्या राहतात त्याही आमच्या वाट्याला येतात. त्यामुळे यंत्र शाखेत आमची संख्या काही नगण्य नव्हती, तरीही सगळे वेळापत्रक बारावीवरून आलेल्या मुलांना धरून आखलेले होते आणि आम्ही त्यात मागाहून चढलेले प्रवासी होतो.

तिसऱ्या वर्षात असताना आम्ही काही जणांनी, नव्याने आलेल्या डीएसई विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी गणितात मदत करण्याचा एक उपक्रम सुरू केला. तो कसा उभा राहिला हे लिहायचे ठरवले, तेव्हा लक्षात आले की त्यातील जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर आमच्या गणिताच्या मॅडम आहेत, आणि तरीही महाविद्यालयाच्या कोणत्याही अहवालात त्यांचा उल्लेख एका ओळीपलीकडे गेलेला नाही. त्यांचे नाव इथेही लिहीत नाही, कारण त्यांना ते चालणार नाही हे मला पक्के ठाऊक आहे.

मुळात अडचण काय होती ते सांगायला हवे. पदविकेत गणित असते ते मुख्यतः पहिल्या वर्षात. पुढची दोन वर्षे मशीन ड्रॉइंग, उत्पादन प्रक्रिया, वर्कशॉप आणि प्रोजेक्ट यांत जातात, आणि तेवढ्या काळात इंटिग्रेशनची सूत्रे हातातून पार सुटून जातात. बारावीवरून आलेल्या मुलांनी मात्र अकरावी, बारावी, सीईटी आणि नंतर पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू असा गणिताचा रियाज एक दिवसही मोडलेला नसतो. दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री, म्हणजे अभियांत्रिकी गणिताचा तिसरा पेपर, नेमका त्यांच्या थांब्यापासून पुढे निघतो: लिनियर डिफरन्शियल इक्वेशन, लाप्लास आणि फूरिये ट्रान्सफॉर्म, सांख्यिकी, व्हेक्टर कॅल्क्युलस. त्यात डीएसईच्या प्रवेशफेऱ्या लांबत जातात. प्रवेश पक्का होऊन, वसतिगृहात खाट मिळून वर्गात बसेपर्यंत इतरांचे एक-दोन घटक शिकवून झालेले असतात आणि ३० गुणांची, सत्राच्या मध्येच होणारी इन-सेम परीक्षा तोंडावर आलेली असते. उरलेल्या ७० गुणांच्या, सत्राअखेरच्या एंड-सेमला सावरून घेऊ, असे प्रत्येक जण स्वतःला सांगतो. बऱ्याच जणांचा एम-थ्री राहतो आणि मग तो तिसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर ओढत न्यावा लागतो.

माझा विषय सुटला, पण त्याचे श्रेय माझ्या शेजारच्या खोलीतील एका ताईला जाते. ती स्वतः डीएसईची होती. रात्री जेवणानंतर ती माझ्या वहीत डोकावून ‘इथे तुला लाप्लास येत नाही असे नाही, तुला पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे अपूर्णांकांची फोड, आठवत नाही’ असे नेमके बोट ठेवून सांगायची. अशी ताई प्रत्येकाच्या शेजारी राहत नाही, एवढाच साधा विचार घेऊन मी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मॅडमच्या केबिनमध्ये गेले होते.

त्यांनी कौतुक केले नाही. ‘कल्पना चांगली आहे’ हे वाक्यसुद्धा त्या दिवशी त्यांच्या तोंडून आले नाही. त्यांनी विचारले: शिकवणारे कोण, येणारे कोण, किती वाजता, कोणत्या खोलीत, मुलींना वसतिगृहात परतण्याची वेळ काय, शिकवणाऱ्यांची स्वतःची परीक्षा आली की काय करणार, आणि पहिल्या आठवड्यात कोणीच आले नाही तर किती दिवस वाट पाहणार? यांपैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. ‘मग एका पानात लिहून आण,’ त्या म्हणाल्या, ‘एका पानाच्या वर नको, प्राचार्य दुसरे पान उलटत नाहीत.’

ते एक पान लिहायला मला दहा पाने लिहिण्यापेक्षा अधिक वेळ लागला. मॅडमनी त्यातील ‘शैक्षणिक गुणवत्ता उंचावणे’, ‘सर्वांगीण विकास’ असले सगळे शब्द लाल पेनाने खोडले आणि समासात ‘म्हणजे नक्की काय करणार?’ एवढाच शेरा लिहिला. शेवटी जे उरले ते असे होते: आठवड्यातून ठरावीक दिवशी, तासिका संपल्यावर दीड तास, एका वर्गखोलीत, तिसऱ्या व चौथ्या वर्षाचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या डीएसई विद्यार्थ्यांना एम-थ्रीच्या सरावात मदत करतील.

अर्ज रीतसर विभागप्रमुखांमार्फत गेला, आणि तिथे तो अडकला. कारण ऐकून आम्ही चक्रावलो. वरच्या वर्गातील मुले संध्याकाळी, शिक्षक नसताना, नव्या मुलांना एका खोलीत घेऊन बसणार, म्हणजे उद्या कोणी रॅगिंगची तक्रार केली तर जबाबदार कोण? आज मागे वळून पाहताना ही शंका मला अगदीच हास्यास्पद वाटत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ पासून लागू आहेत, आणि त्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याकडून व पालकाकडून हमीपत्र घेतले जाते. तक्रारीकडे कानाडोळा केल्यास संस्थेवरही कारवाई होऊ शकते. त्यामुळे नव्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना शक्य तितके लांब ठेवणे हाच सर्वांत सोपा बंदोबस्त, असे बहुतेक महाविद्यालयांचे धोरण बनले आहे. मात्र नव्याने आलेल्यांना सावरून घेण्यासाठी ज्येष्ठ विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा आधार उभा करावा हीसुद्धा त्या विनियमांचीच अपेक्षा आहे, आणि ती फारशी कोणी वाचत नाही.

मॅडमनी ती वाचलेली होती. विनियमांची छापील प्रत, संबंधित परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारून, त्यांनी आमच्या अर्जाला जोडली आणि अर्जाच्या तळाशी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले की, हा वर्ग चालू असेपर्यंत मी विभागात उपस्थित राहीन आणि खोलीची किल्ली माझ्या सहीने घेतली व परत केली जाईल. त्याखाली सही आणि तारीख. अर्ज त्याच आठवड्यात मंजूर होऊन आला.

त्या दोन ओळींचा अर्थ काय होता, हे आम्हाला हळूहळू कळले. महाविद्यालय शहराबाहेर महामार्गालगत आहे. महाविद्यालयाची बस साडेपाचला सुटते आणि बहुतेक सगळे प्राध्यापक त्याच बसने शहरात परततात. आमचा वर्ग सात वाजेपर्यंत चालायचा. वर्गाच्या दिवशी मॅडम बस सोडून देत, आपल्या केबिनमध्ये उत्तरपत्रिका तपासत बसत, आणि सात वाजता किल्ली हातात आल्यावर फाट्यापर्यंत चालत जाऊन एसटी पकडत. पावसात कधी आम्ही दोघी-तिघी त्यांना सोडायला निघालो, तर वसतिगृहाच्या हजेरीची वेळ दाखवून त्या आम्हाला परत पाठवत. मुलींच्या वसतिगृहातील सातच्या हजेरीसाठी वर्गाच्या दिवसांपुरती अर्ध्या तासाची सवलतही त्यांनीच रेक्टर बाईंशी बोलून, लेखी घेतली होती. तोंडी परवानगी ही परवानगी देणाऱ्याच्या आठवणीइतकीच टिकते, असे त्यांचे मत होते, आणि नंतर रेक्टर बदलल्या तेव्हा आम्हाला त्याचा प्रत्यय आला.

शिकवणारे विद्यार्थी निवडताना आमचा आणि त्यांचा पहिला मतभेद झाला. आम्ही एम-थ्रीमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची यादी करून नेली होती. मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि ज्यांचा विषय एकदा राहून मग सुटला किंवा जे काठावरून बरेच वर आले, अशांची नावे मागितली. ज्याला उत्तर झटकन दिसते त्याला मधली पायरी दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्यातील एका हुशार मुलाला हे लागले. त्याला त्यांनी नकार दिला नाही. पहिले काही वर्ग नुसते शेजारी बसून ऐक आणि समोरचा कुठे थांबतो ते लिहून ठेव, एवढेच सांगितले. पुढे तो आमचा सर्वांत चांगला मार्गदर्शक झाला, पण मूळ यादी घेऊन आम्ही गेलो असतो तर तो झाला असता का, याबद्दल मला शंका आहे.

वर्ग सुरू होण्याआधी त्यांनी आम्हा शिकवणाऱ्यांना एकत्र बसवले. शिकवण्याच्या पद्धतींवर भाषण होईल अशा तयारीने आम्ही वह्या घेऊन गेलो होतो. त्यांनी फळ्यावर एक उदाहरण लिहिले: अंशात एक, छेदात एस आणि एस अधिक दोन यांचा गुणाकार, याचा इन्व्हर्स लाप्लास काढा. आम्ही उत्तर लगेच सांगितले, अर्धा गुणिले कंसात एक वजा ई-चा वजा दोन टी घात. मग त्या खुर्चीवर बसल्या, आपण डीएसईची नवी मुलगी आहोत असे म्हणाल्या आणि मला समजावून सांगायला लावले. मी दोन वाक्ये बोलून त्यांच्या हातातील पेन घेतला आणि त्यांच्या वहीत लिहायला लागले. तेवढ्यावर त्यांनी मला थांबवले. ‘पेन तिच्या हातातून काढून घेतलास, त्याक्षणी शिकवणे संपले. आता तू स्वतःची परीक्षा देते आहेस.’ त्या दिवशी आम्ही प्रत्येकाने तेच एक उदाहरण पेनला हात न लावता समजावण्याचा सराव केला. ऐकायला सोपे वाटते; करून पाहावे. समोरची व्यक्ती अपूर्णांकांची फोड करताना चुकीचा अंक लिहीत असते, आपला हात शिवशिवत असतो, आणि आपल्याला फक्त ‘एसच्या जागी शून्य ठेवलेस तर काय उरेल?’ एवढेच विचारायचे असते.

दुसरा नियम संबोधनाचा होता. आमच्याकडे नव्या मुलांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ‘सर’ म्हणायची एक अलिखित, किंचित रॅगिंगच्याच वासाची प्रथा होती. या खोलीत कोणी कोणाला सर म्हणायचे नाही, दादा-ताई म्हणावे किंवा सरळ नावाने हाक मारावी, असे मॅडमनी पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकले.

उपक्रम रुळल्यावर एक वेगळीच अडचण उभी राहिली, आणि मला वाटते मॅडमचे खरे ऋण तिथे आहे. महाविद्यालयात नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मूल्यांकनाची तयारी चालू होती. त्यात, विद्यार्थ्यांच्या शिकण्याच्या पातळीचा अंदाज घेऊन प्रगत आणि ‘स्लो लर्नर’ विद्यार्थ्यांसाठी संस्था काय करते, हे तेव्हा दाखवावे लागायचे. आमचा उपक्रम त्या रकान्यात अगदी चपखल बसणारा होता. वरून विचारणा आली: सहभागी विद्यार्थ्यांची ‘स्लो लर्नर’ म्हणून यादी द्या, बॅनर लावून फोटो काढा, सह्यांसह हजेरीपत्रक जोडा. आम्हाला त्यात वावगे काही वाटले नाही, उलट आपल्या कामाची दखल घेतली जात असल्याचा आनंदच झाला. मॅडमनी हजेरीपत्रक दिले, उपक्रमाचे वर्णन दिले, पण त्या मथळ्याखाली नावांची यादी द्यायला ठाम नकार दिला. ही मुले विषयात मागे नाहीत, त्यांना अभ्यासक्रमाने उशिरा आत घेतले आहे, आणि त्यांची नावे अशा यादीत गेली तर पुढच्या वर्गाला एकही जण येणार नाही, हे त्यांनी बैठकीत सांगितल्याचे आम्हाला नंतर दुसऱ्या प्राध्यापकांकडून कळले. त्या स्वतः याबद्दल आमच्याशी कधीच बोलल्या नाहीत. बैठकीचा त्यांना काही त्रास झाला असेल तर तो त्यांनी आमच्यापर्यंत पोहोचू दिला नाही.

त्याच सुमारास दुसरी एक सूचना आली होती, ती अधिक गोड शब्दांत होती: उपक्रम इतका छान चालला आहे, तर एम-थ्रीच्या उजळणी तासिकाही हेच विद्यार्थी का घेत नाहीत? गणिताचे एक पद बरेच दिवस रिकामे होते आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापकही मिळत नव्हते. मॅडमनी तेव्हा आम्हाला अँड्र्यू बेल यांची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासमधील अनाथाश्रमाच्या शाळेची सूत्रे हाती असताना त्यांनी मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली, १७९७ मध्ये लंडनमध्ये तिचा वृत्तांत छापला, आणि जोसेफ लँकेस्टर यांच्याही प्रयत्नांनी ती पद्धत इंग्लंडभर पसरली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतही थोरला मुलगा धाकट्याचे अक्षर गिरवून घ्यायचाच. ‘पण इंग्लंडात ती पसरली ती मुलांचे भले होते म्हणून कमी, आणि एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले उरकतात म्हणून जास्त,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुमचा उपक्रम माझी खुर्ची रिकामी ठेवायचे कारण होता कामा नये.’ आमच्या मूळ अर्जात त्यांनी आग्रहाने एक वाक्य घालायला लावले होते, की हा सराव नियमित किंवा उजळणी तासिकांना पर्याय नाही. तेव्हा ते वाक्य आम्हाला निरर्थक वाटले होते. आता त्यांनी तेच दाखवले आणि विषय तिथे मिटला.

हे सगळे वाचून मॅडम वर्गात बसून सतत पहारा देत असतील असे वाटेल. प्रत्यक्षात त्या खोलीत फारशा आल्याच नाहीत. आल्या तरी मागच्या दारातून डोकावून परत जात. एकदा एका उदाहरणावर आम्ही तिघे मार्गदर्शक अडलो, नवी मुले बघत होती, आणि कोणीतरी मॅडमना बोलवायला धावले. त्या आल्या नाहीत. ‘तुम्हाला येत नाही हे त्यांना दिसू दे, आणि मग तुम्ही काय करता तेही दिसू दे,’ असा निरोप आला. आम्ही ग्रंथालयातील पुस्तक उघडून सगळ्यांसमोर शोधत बसलो. त्या दिवसानंतर नवी मुले प्रश्न विचारायला कमी लाजू लागली, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्यांनी हस्तक्षेप केला तो एकाच बाबतीत. सबमिशनचे दिवस जवळ आले, तशी मुले गणिताऐवजी जर्नल घेऊन येऊ लागली. तयार असाइनमेंट उतरवून घ्यायला दादा-ताईंच्या जुन्या फायली हव्या होत्या, आणि आमच्यातील काहींनी चांगुलपणाने त्या देऊनही टाकल्या. मॅडमनी कोणाला रागावले नाही. पुढच्या वर्गापासून खोलीत फक्त कोरी वही आणि एम-थ्रीचे पुस्तक आणायचे, असा कागद त्यांनी दारावर लावला. गर्दी एकदम ओसरली. मी घाबरून त्यांच्याकडे गेले, तर त्या म्हणाल्या, ‘आता जे उरलेत त्यांच्यासाठीच तू अर्ज केला होतास ना?’

एक गोष्ट त्यांनी अगदी सुरुवातीपासून करायला लावली होती, जिचे महत्त्व आम्हाला सत्र संपताना समजले. खोलीत एक मोठी फुलस्केप वही असायची. कोण आले, किती वेळ बसले हे त्यात लिहायचे नव्हते. कोणत्या उदाहरणात, कोणत्या पायरीवर समोरचा अडला, एवढेच एका ओळीत लिहायचे. सत्राच्या शेवटी ती वही आम्ही वाचायला बसलो, तेव्हा चित्र स्पष्ट होते. लाप्लासची व्याख्या, शिफ्टिंगचे नियम, यांत अडणारे थोडे होते. ओळीमागून ओळी होत्या त्या पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, त्रिकोणमितीची गुणाकाराची बेरीज करणारी सूत्रे आणि लॉगरिदमचे साधे नियम यांच्या. म्हणजे मुले एम-थ्रीत अडत नव्हती, अकरावी-बारावीच्या त्या दोन वर्षांत अडत होती जी त्यांनी केलेलीच नव्हती. मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही त्या चार-पाच मुद्द्यांची उदाहरणे निवडून एक सरावपत्रिका बनवली. पुढच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या प्रत्येक डीएसई विद्यार्थ्याच्या हातात ती पहिल्या दिवशी पडली. झेरॉक्सचा खर्च कोणत्या खात्यातून झाला हे मला आजही अधिकृतपणे माहीत नाही, पण कागदाचे रीम मॅडमच्या कपाटातून निघत होते. आपल्या नियमित तासिकेतही त्यांनी लाप्लास सुरू करण्याआधी पार्शल फ्रॅक्शनचा एक तास घालायला सुरुवात केली आणि वर्गात सांगितले, की हे मला दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वहीतून कळले.

त्या वहीतूनच उपक्रमाला दुसरी बाजूही मिळाली. मॅडमनी एकदा सहज विचारले की, डीएसईच्या मुलांना गणित येत नाही हे तुम्ही लिहिले, पण त्यांना काय येते ते कुठे लिहिले आहे? उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. पदविकेची मुले लेथवर उभी राहिलेली असतात, ड्रॉइंग शीटवर हात बसलेला असतो, आणि कित्येकांनी नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत सहा-आठ महिने काम केलेले असते. बारावीवरून आलेल्यांना मात्र मशीन ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स आणि फिट, म्हणजे मापात किती फरक चालतो आणि दोन भाग एकमेकांत कितपत घट्ट बसतात, हे प्रकरण पाठ करावे लागते. मग आठवड्यातील एक वर्ग उलटा झाला: नवी डीएसई मुले बोलणार आणि बारावीवरून आलेले ऐकणार. एका मुलाने, जो एम-थ्रीच्या वर्गात शेवटच्या बाकावरून कधी पुढे आला नव्हता, ०.०२ मिलिमीटर लघुतम मापाचा व्हर्निअर आणि वर्कशॉपमधील एक दट्ट्या व बुश आणून दाखवले. एच-सात, जी-सहा असे ड्रॉइंगवर लिहिलेले असते म्हणजे दट्ट्या भोकात हाताने सरकलाच पाहिजे, पण खडखडता कामा नये, हे त्याने प्रत्येकाच्या हातात देऊन पटवले. त्यानंतर तो गणिताच्या वर्गात पुढच्या बाकावर बसू लागला. ही अदलाबदल आम्हाला सुचली नव्हती. मी तर पहिल्या अर्जात ‘मदत’ हा शब्द एकाच दिशेने वापरला होता.

वर्षाअखेरीचा अहवाल लिहिताना मी उत्साहाने लिहिले, की उपक्रमाला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा एम-थ्री सुटला आणि यावरून उपक्रम यशस्वी ठरतो. मॅडमनी पहिला भाग ठेवला, दुसरा खोडला. जी मुले दिवसभराच्या तासिकांनंतर सातपर्यंत बसतात ती घरी बसूनही अभ्यास करणारीच असण्याची शक्यता जास्त. न आलेल्यांशी तुलना करून श्रेय घेणे बरोबर नाही, असे त्यांनी समजावले. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. एवढे राबून शेवटी आपल्याच अहवालात आपल्याच बाजूने एक वाक्य असू नये? त्यांनी त्या वाक्याच्या जागी वहीतील नोंदींचा तक्ता टाकायला लावला. आता एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करताना, वरिष्ठांनी एखाद्या सुधारणेचे श्रेय कशाला द्यायचे असे विचारले की मी आधी न आलेल्यांचा विचार करते, आणि बैठक थोडी लांबते.

चौथ्या वर्षाच्या शेवटी उपक्रम पुढच्या तुकडीकडे सोपवताना त्यांनी पुन्हा लेखी हस्तांतरण करायला लावले: परवानगीच्या प्रती, रेक्टर बाईंचे पत्र, सरावपत्रिकेची मूळ प्रत, भरलेली वही आणि नवी कोरी वही. निरोप समारंभात आम्ही त्यांच्याबद्दल बोलणार असे कळताच त्यांनी कार्यक्रमपत्रिकेतून आमची वेळ कमी करून घेतली. मी मग त्यांना घरी जाऊन भेटले आणि जे बोलायचे होते ते बोलले. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला, आणि विचारले की पुढच्या तुकडीतील मुलींपैकी किल्ली नेणारी कोण आहे, तिचा नंबर माझ्याकडे नाही.

अजूनही डीएसईच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की त्यांचा फोन येतो. कधी कारखान्यातील एखादा बाद झालेला भाग नमुन्याला हवा असतो, कधी शनिवारी येऊन टॉलरन्सवर तासभर बोलशील का, अशी विचारणा असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रम बदलत असल्याने आमची सरावपत्रिका आता जुनी झाली आहे. ती नव्याने बेतून दे, असे त्यांनी यावेळी सांगितले. मी म्हटले, ‘मॅडम, हे काम आता वर्गात बसलेल्या मुलांनी करायला हवे, माझे इंटिग्रेशन पुन्हा गंजले आहे.’ त्यांना ते पटले. बाकीची पत्रिका त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे दिली आणि मला फक्त त्रिकोणमितीचे पान पाठवले, सोबत मुदतीची तारीखही.